चुना

खाण सरकारची होती तेव्हा चुना पोत्यांनी यायचा.
कित्वेच्या आमच्या मैदानाला गवत होतं,
गवताला पगारी माळी होता,
शनिवारी दुपारी भोंगा झाला की
जमिनीखालची पाळी तोंडंही न धुता
थेट बाकांवर येऊन बसायची.
तेव्हापासून मी रेषा मारतो.
गेर्शोम लुम्पूमा, वय सदुसष्ट.
पक्ष : होता. सोडला. कारण पुढे येईल.

खाण विकली. घेणाऱ्यानं पुन्हा विकली.
दर खेपेला एक मंत्री कात्री घेऊन आला,
फीत कापली, जेवला, गेला.
आता चुना मी पेन्शनीतून आणतो, अर्धं पोतं.
एक्झिल्दा म्हणते,
मक्याचं पीठ केवढ्याला झालंय
आणि हा माणूस मातीला पावडर लावतो!
खरं आहे तिचं.
पण या देशात चुना सगळेच लावतात.
मी निदान सरळ रेषेत लावतो.

गेल्या शनिवारी उमेदवार हेलिकॉप्टरनं उतरला,
बरोबर मध्यवर्तुळात.
तीनला मुलींचा सामना होता.
पंखा थांबला तेव्हा माझं वर्तुळ
लोकांच्या केसांवर जाऊन बसलं होतं.
म्हणाला, तरुण हा राष्ट्राचा कणा आहे.
मागे पक्षाची युवक शाखा उभी,
तिच्या अध्यक्षाचं वय शेहेचाळीस,
गुडघ्याला पट्टा.
मग चिटेंगेची कापडं वाटली, त्यावर त्याचा चेहरा,
आणि वीस फुटबॉल. त्यावरही तोच.

पोरांनी ते चेंडू फार मन लावून लाथाडले.
चौथ्या दिवशी गालापाशी शिवण उसवली.

पण पक्ष मी त्याआधीच सोडला होता,
कबासोमुळे.
डाव्या पायाचं पोरगं.
कोपऱ्यातून मारलेला त्याचा चेंडू
आधी बाहेर निघायचा, रुसल्यासारखा,
आणि मग काहीतरी आठवून घरी वळायचा.
लुसाकात निवड होती. बसभाडं हवं होतं.
सभासदाची पावती खिशात घालून मी शाखेत गेलो.
म्हणाले, निवडणुकीनंतर बघू.
निवडणुकीनंतर म्हणाले,
अहो, आधी यायचं होतं.

कबासो आता रात्री काळ्या डोंगरावर असतो,
खाणीनं वर्षानुवर्षं ओकून टाकलेल्या मळीत
हातोडीनं तांबं शोधत.
एकदा कडा घसरला. तो वाचला.
रविवारी मैदानाच्या कडेला येऊन उभा राहतो,
चेंडू आलाच पायाशी
तर उजव्यानं परत देतो.

मला विचाराल तर विकास फार मोठा नसतो.
दोन जाळ्या. हवा भरायचा पंप.
पोर पडलं तर लावायला बर्फ,
आणि वेळेवर बसभाडं.
एवढ्याला काय राष्ट्र लागतं, असं कुणी म्हणेल.
लागतं.
मी एकट्यानं करून पाहिलंय.

गुरुवारी मत दिलं.
चार तास रांग, पुढे एक बाई तान्ह्याला घेऊन,
कुणी कुणाला पुढे घुसू दिलं नाही.
त्या रांगेबद्दल माझी काही तक्रार नाही.
कुणाला दिलं ते एक्झिल्दालाही सांगितलं नाही.
अंगठ्याला शाई, नखात चुना,
तसाच मैदानावर आलो.

पेनल्टीचा ठिपका मी पावलांनी मोजतो.
गोलरेषेपासून बारा, चाळीस वर्षं तीच बारा.
न्कांडू बघत होती. चौदा वर्षांची.
आमच्याकडून पेनल्टी तीच मारते.
"आजोबा," म्हणाली,
"तुमची पावलं आखूड झालीत."

मी म्हटलं, असू दे की,
गोल जवळ आला तर तुझंच भलं.

ती उत्तर न देता रेषेवर गेली,
अनवाणी, ओठ हलवत मोजत आली,
माझ्या ठिपक्यावरून पुढे गेली
आणि हातभर पलीकडे थांबली.
मग मागे येऊन
टाचेनं माझा ठिपका पुसला
आणि चुन्याच्या डब्यासाठी हात पुढे केला.