वीस रुपयांचा बर्फ

वैशाखात, दुपारी दोनला, सावद्याच्या बायपासवर
सुपडू सपकाळेनं ट्रक उभा केला, म्हणाला,
मिस्तरी, हीटर पाहा.

पानटपरीवरचे चार जण हसले.
बॉनेटवर पापड भाजून निघेल असं ऊन
आणि हा हीटर दाखवायला आलेला.

पण परवा केळी भरून त्याला कारगिलला जायचं होतं.
घाट चढल्यावर पाण्याची बाटली रात्रीतून दगड होते
आणि माणूस सीटमागच्या फळीवर झोपतो
बुटाच्या खोक्याएवढ्या एका डब्याच्या भरवशावर,
जो टाकीतलं डिझेल थेंब थेंब पितो.

गळू ऱ्हायलं भो, तो म्हणाला.
कुठून?
ते ठाऊक असतं तर तुझ्याकडं काहून आलो असतो?
मला तर वासबी येत नही आता. बायकोला येतो.
तिनं गोधडी तीनदा धुतली,
चौथ्यांदा कुंपणावर टाकून दिली.

माझं नाकही त्याच्यासारखंच, कधीचं कामातून गेलेलं.
म्हणून नाकाला विचारलं नाही.
गफूर तडवीनं टाकीपासून डब्यापर्यंत
सगळी नळी फडक्यानं कोरडी केली
आणि मी तिच्यावर नातीची पावडर मारली,
गुलाबी डब्यातली, न विचारता आणलेली.

पंप चालू केला.
टिक. टिक. टिक.
तिघं ट्रकखाली उताणे, पाठीला तापलेली माती,
डोळे पांढऱ्या नळीवर.
टाकीचा सांधा कोरडा. गाळणी कोरडी.
पंपाची दोन्ही तोंडं कोरडी.
अर्धा तास. गफूरला डुलकी लागली.

मग झोपेतच बोलल्यासारखा तो म्हणाला,
अठी गळत नही ते. तठीच गळतं.

तठी.
मी तसाच पडून राहिलो.
तठी म्हणजे थंडीत.
रबर आपल्या हिशोबानं आखडतं, लोखंड आपल्या,
आणि सावद्याच्या उन्हात गच्च बसलेली क्लिप
कारगिलला ढिली होते, दिवस उजाडला की पुन्हा गच्च,
पकडलं तर पकडा.

रसवंतीवरून वीस रुपयांचा बर्फ आणला,
गोणपाटात घालून जॅकच्या दांड्यानं फोडला
आणि एकेका सांध्याला बांधत गेलो,
लहान लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा.
टपरीवरचे चौघं आता वाकून बघत होते.
एकाच्या तोंडात पान होतं, तो थुंकायला विसरला.

टाकीला बर्फ, काही नाही.
गाळणीला, काही नाही.
पंपाच्या पुढच्या तोंडाला बांधला, दहा मिनिटं मोजली,
सोडला.
टिक.
पावडरीत मोहरीएवढा डाग.
टिक. टिक.
मसुरीएवढा.

सापडलं रे! सुपडू ओरडला.
मी क्लिपकडं पाहत होतो.
तिच्या स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका होता.
असा ठिपका या रस्त्यावर फक्त मी लावतो,
काम पक्कं झालं ही खूण म्हणून.
गेल्या वैशाखात, असल्याच उन्हात.

नळीचं लाकूड झालेलं टोक कापलं,
तुकडा नवा घातला, क्लिपा नव्या, रुंद पट्टीच्या,
आणि बर्फ बांधलेला असतानाच आवळल्या.
पुन्हा पुसलं, पुन्हा पावडर, पुन्हा टिक टिक.
पांढरं ते पांढरंच राहिलं.
ठिपका लावायला ब्रश उचलला
आणि परत डब्यात ठेवला.

सामानाचे घेतले, मजुरी घेतली नाही.
काहून?
बर्फाचे तू दिले ना.
त्यानं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं.
उरलेला बर्फ गफूर डोक्यावर ठेवून बसला होता.

दिवेलागणीला सुपडूची बायको रिक्षातून उतरली,
काखेत नवी गोधडी.
कुणाशी बोलली नाही.
पायरीवर पाय देऊन वर चढली,
फळीवर बसली, डोळे मिटले,
गाडीत डिझेल आहे की नाही ते हुंगत राहिली.
खाली आम्ही तिघं गप्प.

ती उतरली तेव्हा हात रिकामे होते.