आवर

टीव्हीवर मंत्री म्हणाले, दोन्ही बाजूंनी संयम पाळावा.
हे वाक्य तिबिलिसीत टाइप केलं
मालखाजच्या मुलीनं, खातुनानं.
"आधी 'निषेध' होता, बाबा, मग 'तीव्र चिंता'.
रात्री अकराला साहेबांनी 'तीव्र' काढलं."

काटेरी तार मात्र त्याच रात्री
चौदा पावलं पुढे आली.
अक्रोडाचं झाड तिकडे गेलं.
सावली अजून इकडे पडते, चारनंतर.

पाळायचा, तर रोज खायला काय घालायचं त्याला?
मालखाज टीव्हीला विचारतो.
नुनु म्हणते, आवर.
ताटं की जीभ, ते सांगत नाही.
तो आधी ताटं उचलतो.
डॉक्टरनं मीठ तोडलंय. दारू दोन घोट, तीही रविवारी.
माळ्यावर बापाची बंदूक, गोणपाटात,
तिच्याविषयी या घरात कुणी बोलत नाही.

सप्टेंबरात अक्रोड पडतात
धप्प, धप्प, तारेपलीकडे.
पहाऱ्यावरचा पोरगा, मिसरूडही नीट न फुटलेलं,
बुटाखाली फोडतो, नखांनी सोलतो.
त्या हिरव्या सालीचा डाग
पंधरा दिवस जात नाही बोटांवरून,
हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.
मालखाज तारेपर्यंत गेला.
तोंड उघडलं.
पोरानं बंदुकीचा पट्टा सावरला, मग उगाच
आकाशाकडे पाहिलं.
मालखाज परत फिरला.

रात्री खातुनाचा फोन. जेवलात?
जेवलो.
आणि?
आणि काही नाही.
ती लगेच ठेवत नाही.
खोडलेलं वाचायची
सवय आहे तिला.