चाल

नालबंदानं घोडीचा मागचा पाय मांडीवर घेतला,
न् करामतभाई मला म्हणाले,
"नाल नवी आहे मास्तर, चाल जुनीच राहीन."

मी सातवी ब ला तेच दिलं घरी करायला:
चाल. जमतील तितके अर्थ.

पोरांनी आणले. पायांची. गाण्याची.
सोंगटीची, न् सोंगटीआड लपलेली.
शत्रूवर करून जातात ती.
सोनकुसरेची मावशी राहते ती, मिलच्या मागं,
बारा खोल्या, एक नळ.
ढोमणेनं एकच ओळ लिहिली होती:
आमच्या घरी अभ्यासाची चाल नाही.
वर्ग हसला. मीही.

निखतची वही कोरी.
करामतभाईंची नात. उभी राहिली.
"आमच्याकडे चारच आहेत नं, सर.
कदम. दुडकी. चौखूर.
न् मोमिनपुऱ्याचं वळण आलं,
तबेल्याचा वास आला,
की लगाम ढिला सोडतात दादाजी,
तेव्हाची एक."

तिचं नाव?

"तिला नाव नाही."

अर्धा गुण कापला मी.
शब्द विचारला होता, वास नव्हे.

स्टेशनपुढं आता टांगे नाहीत.
गुडघा बदलला माझा मागच्या मे महिन्यात,
धंतोलीतला पोरगेला डॉक्टर म्हणतो, रोज चाला.
चालतो. काठी, थांबा, काठी.
परवा संध्याकाळी बायको फाटकातून ओरडली,
"अहो, हळू! काहून पळता?"

तो अर्धा गुण
अजून माझ्याकडंच आहे.