मागचा काळा ठिपका

कॅमेरा जुना. आग्रा रोडवरच्या एका लग्नं काढणाऱ्याकडून
हप्त्यानं घेतलेला.
कार्डावर कुणाच्या तरी लग्नाचे एकशे बारा फोटो तसेच होते.
नवरी कोण, गाव कुठलं, ठाऊक नाही.
पुसून टाकायला बोट धजलं नाही,
म्हणून माझी पाखरं आजही
हळदीनंतर सुरू होतात,
एकशे तेराव्या क्रमांकापासून.

आठवडाभर मी पाणीपट्टीच्या खिडकीत.
रविवारी पहाटे लळिंगच्या कुरणात,
शर्टाच्या खिशात भाकरीचा चुरा,
गुडघ्यांवर कुसळं.
किल्ल्यामागून उगवलेला तो सूर्य, ज्याला सगळे वा म्हणतात,
तो खरं तर पंक्चरचा फोटो आहे.
चाक निसटलं नसतं तर त्या वेळी मी
घरी चहा पीत असतो.
आणि नकाण्याच्या तलावावरचा बगळा धूसर आहे
कारण महामार्गावर ट्रकनं हॉर्न दिला,
बगळा दचकला की मी,
हे फोटोला विचारा.

पण सांगायचं होतं ते धाविकाचं.
मातीच्याच रंगाचं पाखरू. पळतं, थांबतं,
थांबलं की नसतंच.
फेब्रुवारीत तासभर मी पालथा पडून
एका दगडाचे अकरा फोटो काढले.
भिवसन ठेलारी मागं उभा, काठीवर हनुवटी.
मेंढ्या माझ्या बुटांचा वास घेत होत्या.
शेवटी त्याला राहवलं नाही.
“आंधया शे का तू? तठे देख, दगडजोडे!”
आणि त्याचं बोट
माझ्या डोळ्यापुढून, भिंगापुढून
सरळ पाखराकडं गेलं.
मी दाबलं.

घरी पाहिलं तर धाविक लख्ख.
मान वळवलेली, भुवईची पांढरी रेघसुद्धा.
फक्त उजवीकडं एक भलं मोठं, धुरकट,
तपकिरी बोट,
नख फुटलेलं.
मी ते कापलं.
कापलेला फोटो प्रदर्शनात लागला,
खाली माझं नाव, नावाखाली
“उत्तेजनार्थ”.

एक प्रत भिवसनला न्यावी असं वाटलं.
बाभळीखाली तो दोन्ही हातांनी धरून बघत राहिला,
उलटा केला, सुलटा केला.
“मी कोठे शे?”
म्हटलं, तू मागं होतास ना.
तो म्हणाला, मी तर पुढं होतो.

यावर पाणीपट्टीच्या खिडकीत बसून
मी पुष्कळ उत्तरं तयार केली.
एकही नेण्यासारखं नव्हतं.
मग अख्खा फोटो छापला, बोटासकट,
दीड फूट रुंद,
आणि नळीत गुंडाळून कुरणात गेलो
पुन्हा एका रविवारी.

तो बोट बघेल असं वाटलं होतं.
हसेल, पोराला दाखवेल, नखाची गोष्ट सांगेल.
त्यानं बोटाकडं पाहिलंच नाही.
धाविकाकडंही नाही.
दूर मागं, गवताच्या टोकाला
एक काळा ठिपका होता.
मी त्याला बोराचं झुडूप समजत होतो.
ठिपक्याजवळ कागद नाकापाशी नेऊन
तो म्हणाला,
“हाई मन्ही कायी.”

काळी. कान दुमडलेली.
त्याच आठवड्यात रात्री वाघुरातून
बिबट्यानं नेली ती.
जुळं होतं पोटात, असं तो म्हणाला,
आणि फोटो घडी घालून
मुंडाशात खोचला.
घडी नेमकी धाविकाच्या मानेवरून गेली.
मी काही बोललो नाही.

हल्ली फोटो उघडला की
आधी मागचं गवत बघतो.
कडेकडेनं. झुडपं मोजत.
परवा तर त्या एकशे बारांमध्येही शिरलो,
मांडवात, पंगतीमागं,
खांबाला टेकून
एक बाई कुणाला तरी हाक मारते आहे.
तोंड उघडं.
कुणाला, ते कडेच्या बाहेर.