अंबड, महिन्याचा पहिला रविवार

पाव जालन्याहून यायचा. एसटी चुकली.
पाळकबाईंनी माझ्या डब्याकडे पाहिलं.
ज्वारीची भाकर, सकाळचीच, कडेला करपलेली.
लाज वाटली मला.

ती मोडली तेव्हा
मागच्या बाकावरून शद्रख निर्मळ उठले:
"ह्याच भाकरीसाठी माझी आई
दारोदार 'वाढा माय' म्हणायची.
येशूकडं आलो ते
ही सुटावी म्हणून."

बाईंना उत्तर सुचलं नाही.
उपासनेच्या पुस्तकात त्याला पान नव्हतं.
पंखा बंद. कुणीतरी खोकलं.

मग ताट घेऊन त्या खाली उतरल्या,
त्यांच्या बाकापाशी फरशीवर बसल्या.
"मामा, आज तुम्ही वाढा."

ते बराच वेळ उभेच.
पहिला तुकडा बाईंच्या ओंजळीत.
मग आम्ही, रांगेनं.
करपलेली कड त्यांनी ठेवली
स्वतःला.