लेव्हल

शारजा. संग्रहालयाचं मागचं दार.
सहा लाकडी पेट्या, आत पोस्टरं:
कुठल्याशा देशातला संप,
लाल शाई, वर आलेली मूठ.
पांढरे हातमोजे घालूनच धरायची,
मॅडमनी दोनदा बजावलं.
मी एका टोकाला, मोतालेब दुसऱ्या.
मूठ हलकी होती. काच जड.

इचलकरंजीत आमचं पथक होतं.
वसंता लादे सायझिंगच्या गेटवर ओळी जुळवायचा,
मी डफ शेकायचो, आणि रात्री
त्याच ओळी गेरूने भिंतीवर.
पहाटे पोलीस चुना फासायचे.
समीक्षक म्हणून तेवढेच लाभले.

‘डावीकडे झुकलीय थोडी,’
मॅडम लांबून म्हणाल्या, मान तिरकी करून.
मला हसू फुटलं.
‘क्या हुआ?’ मोतालेब.
आता हे हिंदीत कसं सांगणार,
तेही शिडीवरून?
म्हटलं, कुछ नहीं, लेव्हल दे.
हिरव्या पाण्यातला बुडबुडा
इकडे गेला, तिकडे गेला,
दोन रेघांच्या मध्ये येऊन गप्प बसला.

उद्घाटनाला आम्ही नव्हतो.
सज्जाच्या कॅम्पात डाळ रटरटत होती,
एजन्सीचा फोन बंद,
आणि मोतालेब, पेट्यांवर नंबर घालायच्या
लाल मार्करने, किचनच्या भिंतीवर
थकलेल्या पगारांच्या रेघा ओढत होता.
दोन सरळ. तिसरी घसरली.
कोणी काही बोललं नाही.

वसंता, तू असतास तर
इथे यमक मागितलं असतंस.
मी खिशातून हातमोजे काढले
आणि डाळ उतरवली.