मॅटाडोर, मॉडेल अठ्ठ्याहत्तर

दारावर अजून महापुराची रेघ आहे,
हँडलच्या चार बोटं वर.
ती घासू नकोस, आई म्हणाली,
बाकी सगळं घास.

मग मी घासत बसलो
कुपवाडच्या शेडात, आख्खी मे महिन्याची सुट्टी.
पिवळ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली हिरवा,
हिरव्याखाली अर्धी अक्षरं:
'…गोंडा आणि सन्स, हळद व गूळ'.
सन्स कुठे गेले कुणास ठाऊक.

बाबांचं म्हणणं सोपं आहे.
किलोवर घाला. पत्र्याला रेट चांगलाय.
ते छोट्या हत्तीवर मार्केट यार्डाची पोती ओढतात,
येता-जाता शेडपुढं थांबतात,
हॉर्न देतात
आणि हसून जातात.

आई मोटारी भरते.
विहिरीवरच्या, बोअरच्या, गिरणीच्या.
तिच्या नखांत वार्निश असतं,
डब्यातल्या चपातीलाही त्याचा वास.
ती वेढे मोजत असली की बोलायचं नाही.
ती डायनॅमो भरत होती तेव्हा मी बोललो,
आई, गणिताचा निकाल लागला.
तिचे ओठ हलत राहिले,
एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट.
वेढे पुरे झाले, गाठ मारली, मग विचारलं, किती?
अठ्ठावीस.
पन्नासात का शंभरात?
शंभरात.
तिने पुढची कॉइल घेतली.
'आकडा चुकला तर उसवायचं आणि परत पहिल्यापासनं.
त्यात रडण्यासारखं काय न्हाई.'
मला वाटलं, डायनॅमोबद्दल बोलतेय.

हौद्याच्या फळ्या उपटल्या त्या दिवशी
खालच्या चॅनेलमधून हळद निघाली.
पुरात आठ दिवस बुडून,
चार वर्षं उन्हात सडून,
चिखलाच्या वड्यांत पिवळ्या शिरा.
आईने चिमूटभर उचलली,
जिभेला लावली, थुंकली.
'राजापुरी.'
गिअरबॉक्समध्ये कृष्णेचा गाळ होता
आणि एक गोगलगायीचा शंख,
तो मी रॉकेलने धुऊन खिशात ठेवला.

ड्रायव्हर सीटखाली एक उशी मिळाली.
खणाची. कडक झालेली, पापडासारखी.
बाबा सहा फूट. त्यांना कशाला लागेल उशी?
मी ती आईपुढं धरली.
ती पाना शोधत राहिली, जो तिच्या हातातच होता.
मग म्हणाली,
'तुझ्या बाबांचा पाय प्लास्टरमध्ये होता.
चार महिने.
तासगाव, विटा, पार जतपर्यंत.
बोनेट धर.'

शाळा उघडायला तीन दिवस.
बॅटरी उधारीची, डिझेल पाच लिटर.
आईने हीटर दाबला आणि मोजायला लागली,
डॅशमधली तार लाल होईस्तोवर.
अठरा, एकोणीस, वीस.
स्टार्टर नुसताच खोकला.
परत वीस.
तिसऱ्या वेळी एवढा काळा धूर
की शेजारच्या फाउंड्रीतले लोक बादल्या घेऊन आले,
आणि त्या धुराच्या पोटात
ती चालू होती.
पत्रा न् पत्रा थडथडत होता.
माझ्या खिशातला शंखसुद्धा.

आईने पहिला टाकला.
गाडी मागं गेली.

लिंकेज मी बसवलं होतं.
एकट्याने, वही बघून, उलटं.
मला वाटलं, आता ब्रेक लागेल,
आता माझं नाव घेऊन हाक.
पण खणाच्या उशीवर बसून
आरशात बघत
ती तशीच निघाली,
उलटी शेडाबाहेर, उलटी गेटातून,
उलटी रस्त्यावर,
जिथं बाबा नुकतेच थांबले होते
हॉर्न द्यायला.
त्यांना मागं घ्यावी लागली.

रात्री गिअरबॉक्स पुन्हा उतरवला.
पहिल्यापासनं.
टॉर्च बाबांनी धरला होता.
सारखा हलत होता.
आई दोनदा ओरडली.